युद्धात सरकारने आधी कोणाचं बघायचं, आपल्या लोकांचं की समोरच्या देशातल्या सामान्य माणसांचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठेही युद्ध पेटलं की हेच प्रश्न परत परत येतात, आणि दोन्ही बाजूंनी इतक्या तावातावाने बोललं जातं की मूळ मुद्दा राहूनच जातो. म्हणून जे प्रश्न सगळ्यात जास्त विचारले जातात ते इथे घेतलेत. काहींची उत्तरं लांब आहेत कारण विषयच तसा आहे, काहींची दोन ओळीत संपतात.

सरकार आपण निवडून देतो, आपल्या टॅक्सवर चालतं, मग त्याने फक्त आपल्याच लोकांचा विचार करावा ना?

आपल्या लोकांचा जास्त विचार करावा, हे शंभर टक्के मान्य. सरकार असतंच त्यासाठी. भारत सरकारने आधी भारतातल्या माणसाला रेशन द्यावं, शाळा द्यावी, परदेशात अडकला तर सोडवून आणावं, यात कोणाचं दुमत असायचं कारण नाही.

पण इथे दोन वेगळ्या गोष्टी आपण एकात एक मिसळतो. एक म्हणजे मदत कोणाला आधी करायची, आणि दुसरी म्हणजे जीव कोणाचा घ्यायचा. मदतीत आपला-परका करायचा हक्क सरकारला आहे. पण माझ्या माणसाची सुरक्षितता थोडी वाढावी म्हणून दुसऱ्या देशातल्या, ज्याने हातात बंदूक धरलेली नाही अशा माणसाच्या घरावर बॉम्ब टाकायचा, हा हक्क मत देऊन आपण सरकारला देऊच शकत नाही, कारण तो मुळात आपल्याकडेही नसतो. मी माझ्या मुलाच्या फीसाठी राबेन, शेजाऱ्याच्या मुलाची फी भरणार नाही, यात काही गैर नाही, पण म्हणून शेजाऱ्याच्या मुलाला इजा करायची मोकळीक मला मिळत नाही. पुढची सगळी उत्तरं या एका फरकावर उभी आहेत.

मग युद्ध सुरू झाल्यावर आधी आपली माणसं बाहेर काढणं चूक आहे का?

अजिबात नाही, उलट ते सरकारचं पहिलं काम. १९९० मध्ये इराकच्या सद्दामने कुवेत घेतलं तेव्हा एअर इंडियाने जवळजवळ ५०० उड्डाणं करून १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीयांना जॉर्डनच्या अम्मानवरून घरी आणलं, त्यात आखातात नोकरीला गेलेली मुंबई-कोकणातली माणसंही होती.

येमेनचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१५ चं ऑपरेशन राहत, म्हणजे तिथल्या युद्धातून आपली माणसं बाहेर काढायची मोहीम. एडनच्या बंदरात गोळीबार चालू असताना आयएनएस सुमित्रा आत गेली, नंतर आयएनएस मुंबई आणि आयएनएस तरकश आल्या, सना वरून विमानं उडाली, तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग जिबूतीत बसून सगळं बघत होते. ४,६०० च्या वर भारतीय बाहेर आले. आणि त्यांच्यासोबत ४१ देशांचे ९६० परदेशी नागरिकही आले. आधी आपली माणसं घेतली, पण जहाजावर जागा होती तर बाकीच्यांना धक्क्यावर ठेवून निघाले नाहीत. त्याच दिवसांत पाकिस्तानी नौदलाच्या जहाजाने मुकल्ला बंदरातून ११ भारतीयांना कराचीला आणलं आणि तिथून ते घरी आले, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आधी आपली माणसं काढणं बरोबर असेल तर रवांडात बेल्जियमवर एवढी टीका का होते?

कारण तिथे आपली माणसं काढताना दुसऱ्यांचं संरक्षण काढून घेतलं गेलं, आणि समोर काय होणार हे दिसत असताना.

एप्रिल १९९४. रवांडाची राजधानी किगालीमध्ये तुत्सी समाजाच्या लोकांची कत्तल सुरू झाली. युनोच्या शांतिसेनेत बेल्जियमचे सैनिक होते आणि ७ एप्रिलला त्यांच्या १० पॅराट्रूपर्सना ठार मारलं गेलं, त्यामुळे ब्रुसेल्समध्ये आपली पोरं परत आणा असा प्रचंड दबाव होता, आणि तो दबाव मला समजतो, १० घरांत शवपेट्या जाणार होत्या. किचुकिरो भागात डॉन बॉस्कोची एक टेक्निकल शाळा होती, तिथे साधारण ९० बेल्जियन सैनिकांचा तळ होता आणि त्यांच्या आधाराने जवळपास २,००० माणसं शाळेच्या आवारात येऊन बसली होती, बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं. फाटकाबाहेर कोयते घेतलेले लोक घोळके करून उभे. ११ एप्रिलला फ्रेंच सैनिक आले, गोऱ्या लोकांना गाड्यांत बसवलं, आणि मग बेल्जियन तुकडीही निघाली. लोक गाड्यांपुढे आडवे झाले, काहींनी तर विनवलं की कोयत्याने मरण्यापेक्षा तुम्हीच गोळ्या घालून जा. गाड्या गेल्या. त्याच दिवशी त्या लोकांना न्यांझा नावाच्या टेकडीकडे चालवत नेऊन मारलं, अगदी थोडे वाचले.

आता कोणी म्हणेल की बेल्जियमने कोणाला मारलं नाही, फक्त आपली माणसं घेऊन आले, म्हणजे वरच्या नियमात बसतं. मला नाही पटत. ते लोक त्या शाळेत आले होते तेच मुळी सैनिक आहेत म्हणून, नाहीतर कुठेतरी पळून लपून जगायचा प्रयत्न केला असता. एकदा कोणी तुमच्या आसऱ्याला आलं, तुम्ही फाटक उघडून आत घेतलंत, की मग तो परका राहत नाही, त्याची जबाबदारी तुमची होते. शिवाय त्याच आठवड्यात परदेशी नागरिक काढायला फ्रेंच आणि बेल्जियन कमांडो विमानतळावर उतरलेच होते. म्हणजे फौज नव्हती असं नाही, ती फौज कोणासाठी वापरायची हे ठरलेलं होतं. फ्रेंच दूतावासात काम करणारे तुत्सी कर्मचारी सुद्धा मागेच राहिले. पुढे २१ एप्रिलला युनोच्या सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० माणसांवर आणायचा ठराव केला, आणि १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. ७ एप्रिल २००० ला बेल्जियमचे पंतप्रधान गी व्हेरहॉफस्टाट यांनी किगालीत जाऊन माफी मागितली.

१५,००० फुटांचं प्रकरण काय आहे? कोसोव्होचा उल्लेख नेहमी का येतो?

कारण हा प्रश्न तिथे सगळ्यात उघडा पडला. २४ मार्च १९९९ ला नाटोने, म्हणजे अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या लष्करी आघाडीने, युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले सुरू केले, ७८ दिवस चालले. सांगितलेलं कारण काय, तर कोसोव्हो या तेव्हाच्या सर्बियाच्या प्रांतातल्या अल्बेनियन लोकांना युगोस्लाव्हियाचा राष्ट्राध्यक्ष मिलोसेविच याच्या फौजांपासून वाचवायचं. म्हणजे युद्धच परक्या नागरिकांसाठी. पण पहिल्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी टीव्हीवर सांगून टाकलं की जमिनीवर लढायला सैन्य पाठवायचा माझा इरादा नाही, आणि विमानांना सुरुवातीला साधारण १५,००० फुटांच्या खाली यायचं नाही अशी सूचना होती, कारण त्याखाली सर्बियन तोफा आणि खांद्यावरून मारायची क्षेपणास्त्रं पोचतात. २४ अपाचे हेलिकॉप्टर अल्बेनियात नेऊन ठेवली, ती लढाईत वापरलीच नाहीत.

हिशोब बघा. हजारो उड्डाणं झाली आणि शत्रूच्या गोळीने नाटोचा एकही माणूस मेला नाही (दोन अमेरिकन पायलट गेले ते अल्बेनियात सराव करताना). ह्यूमन राइट्स वॉचच्या तपासात नाटोच्या बॉम्बने मेलेले नागरिक साधारण ५०० निघाले. त्यातली एक घटना १४ एप्रिलची, कोसोव्होतल्या जाकोवित्साजवळ. साडेचार किलोमीटर उंचीवरून पायलटला रस्त्यावर गाड्यांची रांग दिसली, त्याला लष्करी ताफा वाटला, प्रत्यक्षात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमध्ये बसून पळणारी माणसं होती, सत्तरच्या वर मेली. आणि ती होती कोसोव्होची अल्बेनियन माणसं, ज्यांना वाचवायला हे सगळं चाललं होतं. खाली आलं असतं तर ट्रॅक्टर आणि रणगाड्यातला फरक दिसला असता का? नंतर उंचीचे नियम सैल केले, म्हणजे त्यांनाही ते जाणवलं असणार.

हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या सरकारी वकील कार्ला देल पोंते यांनी जून २००० मध्ये नाटोची चौकशी सुरू करायची नाही असं ठरवलं. त्यांच्या समितीचं म्हणणं असं की उंचावरून उडणं हे मुळात बेकायदेशीर नाही. कायद्याने ते बरोबर असेलही. पण मला विचाराल तर, तुम्ही म्हणता मी या लोकांना वाचवायला आलोय आणि वाचवताना जी जोखीम आहे ती सगळीच्या सगळी त्याच लोकांवर टाकता, स्वतःकडे शून्य ठेवता, हे चालणार नाही. थोडी तरी जोखीम आपल्या अंगावर घ्यावी लागते.

पण सैनिकही कुणाचा तरी मुलगाच असतो ना? आपल्या जवानाचा जीव धोक्यात घालून शत्रूदेशातल्या माणसाला का वाचवायचं?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि तो झटकून टाकायचा नाही. साताऱ्यातल्या मिलिटरी अपशिंगेसारखं गाव आहे आपल्याकडे, जिथे घराघरातून फौजेत जातात, तिथल्या आईला जाऊन तुमच्या मुलाने जास्त धोका पत्करावा असं सांगणं सोपं नाही.

इस्रायलमध्ये यावर अगदी उघड वाद झाला. तत्त्वज्ञ आसा काशेर आणि लष्करी अधिकारी आमोस यादलिन यांनी २००५ मध्ये मांडलं की सैनिक म्हणजे गणवेशातला नागरिकच, त्यामुळे जो भाग आपल्या ताब्यात नाही तिथल्या परक्या नागरिकापेक्षा आपल्या सैनिकाचा जीव राखणं हे राज्याचं मोठं कर्तव्य. मायकल वॉल्झर आणि अविशाय मार्गालित यांनी २००९ मध्ये याला उत्तर दिलं, की नागरिक कोणत्या देशाचा आहे यावरून काळजी कमी-जास्त करता येणार नाही.

मी वॉल्झर-मार्गालित यांच्या बाजूचा आहे, आणि का ते सांगायला मुंबईचंच उदाहरण पुरतं. २६/११ ला ताजमध्ये मोजून चार अतिरेकी होते. हॉटेलच उडवून दिलं असतं तर एका तासात प्रकरण संपलं असतं आणि एकाही कमांडोला ओरखडा आला नसता. हे कोणाच्या मनातही आलं नाही. एनएसजीचे लोक खोलीखोलीत गेले, दार उघडायचं, आत कोण आहे ते माहीत नाही, अतिरेकी की पलंगाखाली लपलेलं कुटुंब, २९ तारखेच्या सकाळपर्यंत हे चाललं. मेजर संदीप उन्नीकृष्णन तिथे गेले, नरिमन हाऊसमध्ये हवालदार गजेंद्रसिंग बिष्ट गेले, त्याआधी पहिल्या रात्री करकरे, कामटे, साळसकर आणि एके-४७ ची नळी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे गेले. आणि आत अडकलेले सगळे भारतीय होते का? नव्हते. ताजमध्ये, ट्रायडंटमध्ये कितीतरी देशांची माणसं होती, नरिमन हाऊसमध्ये तर ज्यू कुटुंब आणि त्यांचे पाहुणे. कमांडोने दार उघडायच्या आधी कोणाचा पासपोर्ट विचारला नाही. निःशस्त्र माणसाचा जीव आपल्यापेक्षा आधी, हे शिपाईपणाचंच काम आहे, ते आपण त्या दिवशी डोळ्यांनी बघितलंय.

हो पण ताज आपल्या देशात होतं. तेच हॉटेल शत्रूच्या शहरात असेल तर?

मग खरी परीक्षा. तेच चार अतिरेकी, तशीच शेकडो खोल्यांची इमारत, तशीच पलंगाखाली लपलेली कुटुंबं, फक्त शहर परक्या देशातलं. आता बॉम्ब टाकायला हरकत नाही असं वाटायला लागलं, तर नेमकं काय बदललं ते स्वतःला विचारा. अतिरेकी तेच, धोका तोच, फक्त आत असलेल्या मुलाची भाषा बदलली.

प्रत्येक वेळी कमांडो पाठवता येत नाहीत हे मला कळतं. शत्रूच्या शहरात खोलवर तुकडी घालणं म्हणजे अनेकदा तुकडी गमावणंच. तेव्हा निर्णय वेगळा येऊ शकतो, हल्ला पुढे ढकलावा लागेल, लहान बॉम्ब वापरावा लागेल, रात्रीऐवजी माणसं नसतील ती वेळ निवडावी लागेल, किंवा सोडूनही द्यावं लागेल. पण हे सगळे पर्याय आपल्या शहरात असतं तर आपण जेवढ्या जिवापाड तपासले असते तेवढेच तपासले का, एवढाच माझा प्रश्न असतो.

हिरोशिमाचं काय? तिथे तर बॉम्ब टाकल्यामुळे लाखो जीव वाचले असं म्हणतात.

अमेरिकेचा युक्तिवाद असा होता की १ नोव्हेंबर १९४५ ला जपानच्या क्युशू बेटावर सैन्य उतरवायचा प्लॅन तयार होता आणि त्यात अमेरिकेची पोरं प्रचंड संख्येने मेली असती. ओकिनावा बेटावरच्या लढाईत जेवढी माणसं मेली ते बघता ती भीती खोटी नव्हती. पण ६ ऑगस्टचा बॉम्ब एका शहराच्या मध्यावर टाकला आणि ती माणसं मरणं हा अपघात नव्हता, शहर हेच टार्गेट होतं. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात साधारण १ लाख ४० हजार माणसं गेली, त्यात जपानने मजुरीला आणलेले कोरियन होते, आणि १२ अमेरिकन युद्धकैदीही होते. कोणाचे किती वाचले असते यावर इतिहासकार अजून भांडतात. ते बाजूला ठेवलं तरी, स्वतःचे सैनिक वाचवायला दुसऱ्याची मुलं मुद्दाम मारणं जर एकदा मान्य केलं, तर मग २६/११ वाल्यांना आपण नेमकं कशासाठी नावं ठेवतो?

आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो, थोडक्यात?

१९४९ चे जिनिव्हा करार आणि १९७७ चा पहिला जादा करार. तीन गोष्टी: लढणारे आणि न लढणारे यांच्यात फरक करा, अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी फार जास्त होणार असेल तर हल्ला करू नका, आणि हल्ल्याआधी शक्य ती सगळी काळजी घ्या. नागरिक कोणाचा, आपला की त्यांचा, असा फरक या नियमांत कुठेही नाही. अडचण अशी की फार जास्त म्हणजे किती आणि शक्य ती म्हणजे कुठपर्यंत, हे ठरवणारा बहुतेक वेळा हल्ला करणाराच असतो.

भारताने हे मान्य केलंय का?

१९४९ चे करार हो, त्यासाठी १९६० चा आपला कायदाही आहे. १९७७ च्या जादा करारात भारत नाही, अमेरिकाही नाही. त्यातले मुख्य नियम रूढी म्हणून सगळ्यांनाच लागू मानले जातात. आणि आपल्या घटनेचं २१ वं कलम जगण्याचा हक्क देताना नागरिक हा शब्द वापरत नाही, कोणतीही व्यक्ती म्हणतं, त्यामुळे भारताच्या हद्दीतल्या परदेशी माणसालाही ते मिळतं, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या केसमध्ये हे स्पष्ट केलंय. हद्दीबाहेर मात्र प्रश्न उघडा राहतो.

शत्रूच शाळेत, हॉस्पिटलमध्ये लपत असेल तर दोष त्याचाच ना?

त्याचा दोष आहेच, मोठा आहे, लोकांच्या आड लपणं हा गुन्हाच आहे. पण त्याने गुन्हा केला म्हणून त्या शाळेतल्या मुलाने आपला हक्क गमावला असं होत नाही. दोष वाटून दिल्याने आपला हिस्सा शून्य होत नाही.

इथे सर्बियाची राजधानी बेलग्रेडचं एक प्रकरण सांगतो. २३ एप्रिल १९९९ ला नाटोने सरकारी टीव्ही स्टेशनच्या इमारतीवर क्षेपणास्त्र टाकलं, १६ कर्मचारी मेले, रात्रपाळीचे टेक्निशियन, मेकअप करणारी वगैरे. पुढे सर्बियाच्या कोर्टाने त्या टीव्हीच्या संचालकाला २००२ मध्ये तुरुंगात पाठवलं, कारण धोका माहीत असूनही त्याने माणसं इमारतीबाहेर काढली नाहीत. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लोकांनीही त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं. पण क्षेपणास्त्र टाकलं होतं नाटोनेच, तेही तितकंच खरं.

मेलेल्यांच्या घरच्यांना कोर्टात जाता येतं का?

जातात, पण हाती फारसं लागत नाही. त्याच टीव्ही स्टेशनच्या मृतांचे नातेवाईक युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले, तिथे डिसेंबर २००१ मध्ये निकाल आला की विमानातून ज्यांच्यावर बॉम्ब पडला ते नाटो देशांच्या अधिकारक्षेत्रात येत नव्हते, त्यामुळे केस ऐकताच येत नाही. जरा विचार करा, एखाद्याला अटक केली असती तर तो तुमच्या अधिकारक्षेत्रात, त्याला हक्क, आणि वरून बॉम्ब टाकून मारला तर काहीच नाही! सर्बियातल्या वार्वारिन गावच्या पुलावर ३० मे १९९९ ला १० माणसं मेली, ते लोक जर्मनीच्या कोर्टात गेले, तिथेही सगळ्या पायऱ्यांवर हरले. मला हा या सगळ्या विषयातला सगळ्यात मोठा खड्डा वाटतो. आपल्या नागरिकासाठी मत आहे, कोर्ट आहे, पेपर आहे. परक्या नागरिकासाठी मारणाऱ्या सरकारच्या दारात यातलं काहीच नाही.

भरपाई तरी मिळते का?

कधी कधी, आणि कोणाचा पासपोर्ट आहे यावर. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यात अल-कायदाने ओलीस ठेवलेले दोघे मारले गेले, एक अमेरिकन, एक इटालियन. ओबामा स्वतः टीव्हीवर आले, माफी मागितली, इटालियन माणसाच्या कुटुंबाला पुढे सुमारे १२ लाख युरो दिले गेल्याचं जाहीर झालं. चांगलंच केलं. पण पाकिस्तानातल्या वझिरिस्तानात आणि येमेनमध्ये त्याच ड्रोनने ज्यांची मुलं मेली त्यांच्यासाठी कुठला राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर आला?

२९ ऑगस्ट २०२१ चं काबूलही तसंच. तीन दिवस आधी विमानतळावरच्या स्फोटात १३ अमेरिकन सैनिक गेले होते, परत तसं होऊ नये म्हणून एका गाडीवर ड्रोन सोडला. १० माणसं मेली, त्यात ७ मुलं, अतिरेकी एकही नाही. आधी म्हणाले हल्ला बरोबर होता, पत्रकारांनी खणून काढल्यावर १७ सप्टेंबरला चूक मान्य केली. शिक्षा कोणालाही झाली नाही.

गाझाबद्दल स्पष्ट बोला.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ जणांना ओढून नेलं. त्या दिवशी इस्रायल सरकारचं आपल्या लोकांबद्दल जे कर्तव्य होतं, ओलीस सोडवणं, परत असं होऊ न देणं, ते खरं होतं आणि कोणीही ते नाकारू नये. त्यानंतर गाझात जे झालं, जुलै २०२५ अखेरपर्यंत तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यानुसार ६०,००० च्या वर मृत्यू, त्यात हजारो मुलं, शिवाय अन्न अडवणं, ते त्या कर्तव्यात बसत नाही असं माझं ठाम मत आहे. अन्न अडवलं की आधी मुलं मरतात, हातात बंदूक असलेला शेवटी उपाशी राहतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ जानेवारी २०२४ ला इस्रायलला मदत आत जाऊ द्या वगैरे तातडीचे आदेश दिलेले आहेत.

हे लांबचं आहे असं वाटत असेल तर, १३ मे २०२४ ला रफाहमध्ये युनोच्या गाडीवर हल्ला होऊन मारले गेलेले निवृत्त भारतीय कर्नल पुण्यात राहिलेले होते, त्यांच्यावर अंत्यसंस्कार पुण्यातच झाले.

पहलगाम झाल्यावरही तुम्ही हेच म्हणणार का?

हो. २२ एप्रिल २०२५ ला तिथल्या अतिरेकी हल्ल्यात २६ माणसं गेली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवली, पुणे, पनवेल. राग आला नाही असा माणूस नसेल. सरकारने उत्तर द्यायलाच हवं होतं. आणि बघा, पाकिस्तानात हल्ले केल्यावर ७ मेच्या सकाळी सरकारने जे सांगितलं त्यात अतिरेक्यांचे तळ निवडले आणि सामान्य लोकांना इजा होऊ नये अशी ठिकाणं घेतली हे आवर्जून सांगितलं. म्हणजे ही कसोटी आपलं सरकार स्वतःच जाहीरपणे मान्य करतं. मग ती खरंच पाळली गेली का, हे तपासायला मागणं म्हणजे देशद्रोह कसा? त्याच दिवसांत पूंछमध्ये पाकिस्तानच्या तोफगोळ्यांनी आपली माणसं, लहान मुलं मारली, आणि ते चूक आहे असं आपण ज्या तत्त्वावर म्हणतो ते तत्त्व हेच आहे.

आपल्याकडेच गरिबी असताना परक्या लोकांवर पैसा खर्च करणं पटतं का?

१९७१ मध्ये जवळपास १ कोटी लोक पूर्व पाकिस्तानातून भारतात आले. देशाकडे पैसा नव्हता, महाराष्ट्रात तर दुष्काळाची सुरुवात झाली होती. तरी सीमा उघडी ठेवली. १५ नोव्हेंबर १९७१ पासून जवळपास प्रत्येक टपालावर ५ पैशांचं शरणार्थी सहायतेचं तिकीट जास्तीचं लावावं लागायचं, सुरुवातीला घाईघाईत जुन्याच तिकिटांवर छापून काढलेली, त्यातली काही नाशिकच्या छापखान्यातली. मार्च १९७३ पर्यंत हे चाललं. मनीऑर्डर आणि पत्रांवर जगणाऱ्या घरांनी ते ५ पैसे दिले. जुन्या ट्रंकेत कोणाकडे ती पत्रं असतील तर तिकीट बघा.

इथे मी सुरुवातीला केलेला फरक पुरत नाही हे मान्य करावं लागेल, कारण हा मदतीचाच मामला होता आणि तरीही दार बंद करणं चूक ठरलं असतं. दारात मरण पाठीला लागलेला माणूस उभा असतो तेव्हा आधी आपलं मग त्याचं हा क्रम थोडा सरकवावाच लागतो, किती सरकवायचा हे दरवेळी वेगळं ठरणार.

सामान्य नागरिक म्हणून आपण करायचं काय?

विचारायचं. आपल्याच सरकारला, कारण तिथे फक्त आपलंच ऐकलं जातं. किती मेले, कोणी मोजले, हल्ल्याआधी आत कोण आहे हे कोणी तपासलं, कोणाला काय दिलं.

याने फरक पडतो, नेदरलँड्समध्ये पडला. जून २०१५ मध्ये त्यांच्या एफ-१६ लढाऊ विमानांनी इराकमधल्या हवीजा शहरात आयसिसच्या बॉम्ब कारखान्यावर हल्ला केला, आतल्या स्फोटकांनी आजूबाजूची वस्तीच उडाली, ७० च्या आसपास किंवा जास्त नागरिक मेले. संसदेला तेव्हा नीट सांगितलंच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये डच पत्रकारांनी ते बाहेर काढलं, पुढच्या महिन्यात संरक्षणमंत्र्यांना संसदेत कबूल करावं लागलं की आधी चुकीची माहिती दिली होती. मग शहराच्या दुरुस्तीसाठी पैसे मंजूर झाले, चौकशी आयोग बसला. हवीजातल्या घराघराला स्वतंत्र भरपाई मात्र मिळाली नाही, त्यासाठी तिथली माणसं हेगच्या कोर्टात गेली.